शेतातून हवेत जाणारा फ्युमिगंट: पुणे परिसरातल्या छोट्या प्लॉटवर मोजणी आणि मॉडेल कसे करावे

तळेगाव दाभाडे, मावळ, मुळशी या पट्ट्यात गुलाब, जरबेरा किंवा कार्नेशनचे बेड नव्याने भरताना माती निर्जंतुक करून घेतात. सूत्रकृमी आणि मररोगाची बुरशी मारण्यासाठी डॅझोमेटचे दाणे मातीत मिसळतात किंवा फॉर्मेलिनची आळवणी करतात, आणि वर प्लास्टिक अंथरतात. ही औषधे, म्हणजेच फ्युमिगंट, वायू होऊन मातीत पसरतात, म्हणूनच काम करतात. त्यातला काही वायू प्लास्टिकमधून आणि कडांमधून वर येतो आणि वाऱ्याबरोबर बांधापलीकडे जातो. किती गेला आणि शेजारच्या वस्तीपर्यंत किती पोहोचला, हे मोजायला नव्याने शिकणाऱ्या कृषी पदवीधरांसाठी, पर्यावरण अभियंत्यांसाठी आणि प्रयोगशाळेतल्या मंडळींसाठी हा लेख आहे.

उदाहरण म्हणून २० गुंठ्यांचा उघडा प्लॉट घेऊ, ५० मीटर बाय ४० मीटर, औषध डॅझोमेट. पॉलिहाऊसचा हिशेब थोडा वेगळा असतो, तो शेवटाकडे दिला आहे. पहिलीच मोजणी पॉलिहाऊसवर करू नका. उघड्या शेतावर हात बसला की मगच तिकडे वळा.

आधी कागदावरचा हिशेब

डॅझोमेट स्वतः उडत नाही. ओल्या मातीत त्याचे विघटन होऊन मिथाइल आयसोथायोसायनेट तयार होतो. पुढे त्याला एमआयटीसी म्हणू. मेटॅम सोडियम या दुसऱ्या औषधातूनही हाच वायू निघतो. डॅझोमेटचा रेणुभार १६२.३ आणि एमआयटीसीचा ७३.१, म्हणजे एक किलो शुद्ध डॅझोमेटमधून जास्तीत जास्त ०.४५ किलो एमआयटीसी निघू शकतो.

मात्रा चौरस मीटरला ४० ग्रॅम धरली तर २००० चौरस मीटरला ८० किलो डॅझोमेट लागते. त्यातून एमआयटीसी कमाल ३६ किलो. हा ३६ चा आकडा वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा. सगळी मोजणी संपल्यावर हवेत गेलेल्या वायूची बेरीज याच्याहून जास्त भरली, तर पंप, वारा किंवा आकडेमोड यांपैकी कुठेतरी घोळ आहे हे निश्चित.

आता अंदाज बांधा. समजा पहिल्या चोवीस तासांत दहा टक्के, म्हणजे ३.६ किलो निसटला. २००० चौरस मीटर आणि ८६,४०० सेकंदांनी भागले की दर चौरस मीटरला दर सेकंदाला सुमारे २१ मायक्रोग्रॅम येतात. याला उत्सर्जन दर किंवा फ्लक्स म्हणतात. पुढची सगळी मेहनत हा एक आकडा तासागणिक नीट शोधण्यासाठी आहे.

किती म्हणजे जास्त? एमआयटीसी आधी डोळ्यांना झोंबतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने माणसांवरच्या चाचणीत त्रास न दिसलेली २२० पीपीबी (हवेच्या एक अब्ज भागांत २२० भाग) ही पातळी घेतली, तिला दहाने भागले आणि २२ पीपीबी हा अल्पकाळाचा निकष धरला. समुद्रसपाटीला २५ अंशांवर हे सुमारे ६६ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर होते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे आणि हवेचा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. त्यामुळे इथे एक पीपीबी म्हणजे २.९९ नव्हे, सुमारे २.८ मायक्रोग्रॅम, आणि २२ पीपीबी म्हणजे सुमारे ६२ मायक्रोग्रॅम. फरक सहा टक्क्यांचा. अहवालात कोणत्या दाबाचे आणि तापमानाचे घनमीटर धरले ते लिहिले नाही, तर पुढे कोणीही वाद घालू शकतो. फॉर्मेलिनमधून निघणाऱ्या फॉर्मल्डिहाइड वायूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची घरातल्या हवेची मर्यादा अर्ध्या तासाच्या सरासरीला ०.१ मिलिग्रॅम प्रति घनमीटर आहे.

सुरक्षितता आणि परवानगी

कीटकनाशक कायदा १९६८ नुसार औषधाच्या लेबलावर दिलेले पीक, मात्रा आणि पद्धत बंधनकारक आहे. मोजणीसाठी म्हणून वेगळी मात्रा टाकायची नाही. मिथाइल ब्रोमाइडच्या वाटेला तर जाऊच नका. आपल्याकडे ते सरकारी किंवा सरकारमान्य तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरता येते.

प्लॉटच्या आत जायचे तर पूर्ण चेहरा झाकणारा मास्क आणि त्याला सेंद्रिय वाफांसाठीचे काडतूस हवे. कापडी मास्क आणि एन-९५ वायू अडवत नाहीत. रात्रीच्या फेरीला कायम दोघे जण, सोबत डोळे धुवायला स्वच्छ पाण्याची बाटली. डोळे चुरचुरू लागले तर वाऱ्याच्या दिशेने पळू नका. वाऱ्याला आडवे चालत वायूच्या ढगाच्या बाहेर पडा. शेजारच्या शेतकऱ्यांना आणि वस्तीतल्या लोकांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. रात्री दोन वाजता बॅटऱ्या घेऊन बांधावर फिरणारी माणसे दिसली की गाव गोळा होते, आणि ते बरोबरच आहे.

खिशातला पीआयडी मीटर (दिव्याच्या प्रकाशाने वाफा ओळखणारा) आपल्या सुरक्षिततेसाठी चांगला. १०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दिव्याला एमआयटीसी दिसतो, पण त्याला डिझेलची वाफही दिसते, आणि बांधापलीकडच्या काही पीपीबीसाठी तो पुरत नाही. त्याचे आकडे ड्रिफ्टच्या, म्हणजे बांधापलीकडे गेलेल्या वायूच्या, तक्त्यात घालू नका.

वारा मोजणे: इथे काटकसर नको

नवखा माणूस सगळे बजेट रासायनिक तपासणीवर घालतो आणि वाऱ्यासाठी जवळच्या केंद्राची नोंद मागवतो. यातूनच सर्वांत जास्त मोजण्या वाया जातात. शिवाजीनगरची वेधशाळा किंवा महावेध या राज्यातल्या हवामान केंद्रांच्या जाळ्याचे मंडळातले केंद्र पावसाला आणि तापमानाला उत्तम, पण हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री मावळातल्या दोन शेजारच्या खोऱ्यांत वारा उलटसुलट असू शकतो. सूर्य मावळला की डोंगरउतारावरची हवा थंड होते, जड होते आणि ओढ्याच्या वाटेने खाली सरकते. सिंहगडाच्या पायथ्याला किंवा पवनेच्या खोऱ्यात हा वारा शहरातल्या केंद्राला दिसतच नाही. तुमचा एमआयटीसी मात्र त्याच्याच बरोबर जातो.

म्हणून प्लॉटजवळ स्वतःचा खांब उभा करा. जीआय पाइपचा दहा मीटरचा, तीन बाजूंनी तारांनी ताणलेला. त्यावर:

- १० मीटरवर आणि २ मीटरवर वाऱ्याचा वेग आणि दिशा. शक्य असेल तर अल्ट्रासॉनिक सेन्सर घ्या. वाट्यांचा अॅनिमोमीटर सेकंदाला साधारण अर्ध्या मीटरखाली अडकतो आणि शून्य दाखवतो. हिवाळ्यातली अर्धी रात्र त्याच वेगात जाते.
- १० आणि २ मीटरवर तापमान, दोन्ही सेन्सर एकाच बनावटीचे आणि सावलीच्या आवरणात. लावण्याआधी ते एक रात्र शेजारी-शेजारी चालवून त्यांच्यातला फरक नोंदवा. रात्री वरचे तापमान खालच्यापेक्षा जास्त दिसले की उलटा थर बसला असे समजा.
- सौर किरणांचा सेन्सर आणि हवेचा दाब.

दर मिनिटाला नोंद घ्या, तासाची सरासरी नंतर काढा. दिशेची साधी सरासरी काढायची नाही. ३५० अंश आणि १० अंश यांची साधी सरासरी १८० येते, म्हणजे बरोबर उलटी. साइन आणि कोसाइन घेऊन सदिश सरासरी काढावी लागते, बरेच लॉगर (नोंद साठवणारी यंत्रे) ती स्वतः देतात, पण ती सुविधा चालू आहे का ते पाहून घ्या. उत्तर दिशा होकायंत्राने लावली तरी पुण्यात चालते, कारण चुंबकीय फरक एक अंशाच्या आत आहे. फक्त होकायंत्र लोखंडी पाइपपासून चार-पाच मीटर लांब धरून लांबूनच रेषा जुळवा.

खांबाची जागा निवडताना उसाकडे बघा. तीन मीटरचा ऊस असेल तर खांब त्यापासून किमान तीस मीटर लांब हवा, म्हणजे अडथळ्याच्या उंचीच्या दहापट. छोट्या तुकड्यांच्या शेतीत अशी जागा मिळणे अवघड जाते. मिळाली नाही तर कोणत्या दिशेचा वारा अडतो ते नकाशावर खुणावून ठेवा आणि त्या दिशेचे तास विश्लेषणात वेगळे काढा.

नळ्या, पंप आणि जागा

एमआयटीसी पकडायला नारळाच्या करवंटीच्या कोळशाची काचेची नळी वापरतात. नळीत दोन भाग असतात: पुढचा मोठा, मागचा छोटा. मागच्या भागात पुढच्याच्या दहा टक्क्यांहून जास्त सापडले तर नळी भरून वायू पुढे निसटू लागला आहे. तो नमुना कमी आकडा दाखवणार. दमट हवेत कोळशाची क्षमता घटते, म्हणून पावसाळ्यात नळी कमी वेळ चालवा.

प्रवाह मिनिटाला १.५ लिटर. सहा तासांत ५४० लिटर, बारा तासांत १०८० लिटर हवा जाते. प्रयोगशाळेची नोंदवण्याची मर्यादा समजा नळीला अर्धा मायक्रोग्रॅम असेल, तर सहा तासांच्या नमुन्यात तुम्हाला सुमारे ०.९ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरपर्यंत दिसेल. निकष साठीच्या घरात असल्याने हे पुष्कळ झाले.

पंप शेताच्या विजेवर चालवू नका. थ्री फेज कधी येते आणि कधी जाते ते तुमच्या हातात नसते. १२ व्होल्टची बॅटरी प्रत्येक पंपाला वेगळी ठेवा आणि नेण्याआधी पूर्ण बारा तास चालवून पाहा.

नळी काठीवर दीड मीटर उंचीला, उभी, तोंड खाली. आडवी ठेवली तर कोळसा खाली बसून वर रिकामी वाट तयार होते आणि हवा तिथून सटकते. एमआयटीसीचे उन्हात विघटन होते, म्हणून नळीला अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळा. पहाटेच्या दवासाठी वर प्लास्टिकच्या बाटलीचा अर्धा तुकडा टोपीसारखा बसवला की काम भागते. नळीवरचा बाण पंपाकडे असायला हवा. अंधारात हीच चूक सर्वांत जास्त होते, म्हणून उजेडातच प्रत्येक नळीच्या पंपाकडच्या टोकाला रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा.

जागा आठ: प्लॉटच्या चारही बाजूंच्या मधोमध आणि चारही कोपऱ्यांबाहेर, कडेपासून दहा ते पंधरा मीटरवर. वारा एकाच बाजूला वाहील म्हणून नळ्या एकाच बाजूला लावल्या की हमखास रात्री दिशा फिरते. सर्वांत जवळच्या घराजवळ नववा पंप ठेवता आला तर ठेवा, पण फ्लक्स काढताना या आठांवरच भर द्या.

वेळापत्रक असे:

१. औषध टाकण्याआधी बारा तास पार्श्वभूमीचा नमुना.
२. औषध टाकायला सुरुवात झाल्यापासून प्लास्टिक अंथरून तासभर होईपर्यंत एक नमुना.
३. त्यानंतरचे ४८ तास दर सहा तासांनी, म्हणजे आठ फेऱ्या. संध्याकाळी सहा, मध्यरात्र, सकाळी सहा आणि दुपारी बारा या वेळा धरा.
४. तिसऱ्या दिवशी बारा-बारा तासांच्या दोन फेऱ्या.
५. प्लास्टिक काढायच्या दिवशी सहा-सहा तासांच्या दोन फेऱ्या. हा भाग लोक विसरतात. प्लास्टिकखाली साठलेला वायू त्या दिवशी एकदम मोकळा होतो.

एकूण १४ फेऱ्या, आठ जागा, म्हणजे ११२ नळ्या. शिवाय दर फेरीला एका जागी जोडनळी (शेजारी तशीच दुसरी नळी), म्हणजे १४. तीन कोऱ्या नळ्या शेतावर नेऊन न उघडता परत आणायच्या, आणि तीन नळ्यांवर प्रयोगशाळेने आधीच ठरावीक मात्रा घालून द्यायची. बेरीज १३२. मात्रा घातलेल्या नळ्यांवरही तितकाच वेळ शेतातली हवा ओढायची, जागा वाऱ्याच्या वरच्या बाजूची, म्हणजे वारा जिकडून येतो त्या बाजूची. त्यातून ७० ते १२० टक्के परत मिळाले तर पद्धत ठीक आहे.

प्रवाह सुरुवातीला आणि शेवटी मोजा आणि सरासरी घ्या. दोन मोजण्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर खूण करा, वीस टक्क्यांहून जास्त असेल तर नमुना टाकून द्या. रोटामीटर (प्रवाह मोजायचे साधन) समुद्रसपाटीसाठी आखलेला असेल तर पुण्यात तो सुमारे तीन टक्के चुकतो. दाबाच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने दुरुस्ती करा. पंप मध्येच बंद पडला तर घड्याळातली वेळ निरुपयोगी ठरते, म्हणून चालू तास मोजणारा पंप घ्या.

नळी काढल्याबरोबर दोन्ही टोकांना टोप्या, वर लेबल, आणि बर्फाच्या पेटीत. प्रयोगशाळेत उणे १८ अंशांवर. लेबलावर नळीचा क्रमांक, जागा, सुरुवात आणि शेवटची वेळ, दोन्ही प्रवाह. सगळ्यांची घड्याळे लॉगरच्या घड्याळाशी जुळवलेली असावीत. दहा मिनिटांचा फरक सहा तासांच्या नमुन्यात खपून जातो, पण दुपारचे बारा आणि रात्रीचे बारा यांची गल्लत खपत नाही. चोवीस तासांचे घड्याळ वापरा.

प्रयोगशाळा ठरवताना तीन प्रश्न विचारा: नळीमागे नोंदवण्याची मर्यादा किती, कोळशातून एमआयटीसी किती टक्के परत निघतो, आणि फ्रीझरमध्ये नमुना किती दिवस टिकतो हे तुम्ही तपासले आहे का. पुणे-नाशिक भागातल्या रेसिड्यू प्रयोगशाळांचा हात द्राक्षावर आणि भाजीवर बसलेला असतो. जीसी-एमएस यंत्र असले तरी कोळशाच्या नळीची पद्धत त्यांना नव्याने बसवावी लागते. त्यासाठी महिनाभर आधी जा.

फॉर्मेलिन असेल तर नळीऐवजी डीएनपीएच (फॉर्मल्डिहाइड पकडणारे रसायन) लावलेले सिलिकाचे काडतूस घ्या. त्याच्या आधी पोटॅशियम आयोडाइडची ओझोन गाळणी हवी, नाहीतर ओझोन डीएनपीएचही खातो आणि तयार झालेले संयुगही. काढायला अॅसिटोनायट्रिल, मोजायला एचपीएलसी, ३६० नॅनोमीटरवर. इथे पार्श्वभूमी कधीच शून्य नसते, कारण वाहनांच्या धुरातून आणि पाचट जाळण्यातूनही फॉर्मल्डिहाइड येतो. द्रुतगती मार्गाजवळच्या प्लॉटवर वाऱ्याच्या वरच्या बाजूचा नमुना दर फेरीला वजा करावा लागतो.

फ्लक्स काढण्याचे दोन रस्ते

शेताच्या मधोमध खांब रोवून चार-पाच उंचींवर वायू आणि वारा मोजायचा आणि उतरत्या क्रमावरून फ्लक्स काढायचा, ही एक पद्धत. ऐकायला सरळ, पण तिला वाऱ्याच्या वरच्या बाजूला मोजणीच्या उंचीच्या साधारण शंभरपट एकसारखे शेत लागते. ४० मीटर रुंद प्लॉटच्या मध्यापासून कड फक्त २० मीटरवर असते, म्हणजे भरवशाची मोजणी वीस सेंटिमीटरच्या आतच. दीड मीटरच्या सेन्सरवर शेजारच्या शेतावरून आलेली हवा मोजली जाईल. कॅलिफोर्नियातल्या मोठमोठ्या शेतांत ही पद्धत शोभते. आपल्या गुंठ्यांच्या शेतीत तिचा नाद सोडलेला बरा.

दुसरी पद्धत उलट हिशेबाची. मॉडेलमध्ये (वायू वाऱ्याबरोबर कसा पसरतो ते काढणारा संगणक प्रोग्राम, पुढे येणारे एअरमॉड) फ्लक्स एक मायक्रोग्रॅम धरायचा, त्या फेरीच्या खऱ्या वाऱ्यावर मॉडेल चालवायचे आणि आठही जागांवर किती यायला हवे ते काढायचे. मग मोजलेल्या आकड्यांशी तुलना. उदाहरणादाखल चार जागा घेऊ. मॉडेल म्हणते ०.८, २.१, ५.० आणि ७.४. नळ्यांत सापडले १८, ४०, १०४ आणि १५० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. शून्यातून जाणारी सरळ रेषा बसवली की उतार सुमारे २०.४ येतो. म्हणजे त्या फेरीत फ्लक्स होता चौरस मीटरला सेकंदाला सुमारे २०.४ मायक्रोग्रॅम.

प्रत्यक्षात आकडे इतके गुणी नसतात. रेषा बसत नसेल तर आधी उंबरा बघा, म्हणजे शून्यातून जाण्याची अट काढून रेषा बसवली तर ती शून्याच्या बरीच वरून जाते का. तशी जात असेल तर पार्श्वभूमी वजा करायची राहिली आहे किंवा शेजारच्या प्लॉटवरही कोणी औषध टाकले आहे. उतारच हाती लागत नसेल तर वाऱ्याची दिशा थोडी चुकली असण्याची शक्यता जास्त. वायूचा ढग आला, पण मॉडेलने दाखवला त्याच्या पंधरा अंश बाजूने. अशा वेळी मोजलेले आणि मॉडेलचे आकडे आपापल्या क्रमाने लहान ते मोठे लावून मग रेषा बसवण्याची रूढ पद्धत आहे. ती वापरा, पण वापरली हे लिहा. आठपैकी सहा जागांवर काहीच सापडले नाही तर त्या फेरीचा फ्लक्स दोन नळ्यांच्या भरवशावर उभा असतो. तो अहवालात वेगळ्या रंगात दाखवलेला बरा.

एअरमॉड चालवताना

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे एअरमॉड हे मॉडेल मोफत मिळते. २००५ च्या शेवटी त्याने जुन्या आयएससीएसटी३ ची अधिकृत जागा घेतली. जुने मॉडेल सेकंदाला एक मीटरच्या खालचा वारा हाताळत नाही, म्हणजे आपल्या नेमक्या कामाच्या रात्री. एअरमॉडसाठी हवामान तयार करणाऱ्या एअरमेट या जोडप्रोग्राममध्ये मंद वाऱ्यासाठी घर्षणवेग सुधारण्याचा पर्याय आहे, तो चालू ठेवा.

खिडक्या-बटणे नाहीत. साध्या मजकुराच्या फायली लिहून कमांडवर चालवायचे आहे. हवामानाची फाइल आधी एअरमेटमधून तयार होते. ढगांची नोंद नसेल तर दोन उंचींचे तापमान आणि सौर किरण देऊन तो काम भागवतो. खांबावर ते सेन्सर लावले ते याचसाठी. वरच्या हवेच्या फुग्याची पहाटेची नोंद मात्र लागते, आणि ती आंतरराष्ट्रीय वेळेत असते. शून्य वाजता म्हणजे आपले साडेपाच. आपली वेळ साडेपाच तास पुढे असल्याने पूर्ण तास जुळत नाहीत. तासाच्या सरासऱ्या स्वतःच्या लॉगरमधून स्थानिक घड्याळाप्रमाणे काढा आणि फुग्याच्या नोंदीचा तास कुठे बसवला ते लिहून ठेवा.

प्लॉट क्षेत्रीय स्रोत म्हणून द्यायचा: एका कोपऱ्याचे निर्देशांक, दोन बाजूंची लांबी, उत्तरेपासूनचा कोन, उंची शून्य. पुणे यूटीएमच्या (मीटरमध्ये निर्देशांक देणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या) ४३ व्या पट्ट्यात येते. फोनच्या जीपीएसची चूक पाच मीटरची असू शकते आणि तुमच्या नळ्या दहा मीटरवर आहेत, म्हणून एक कोपरा जीपीएसने घ्या आणि बाकी सगळे टेपने मोजा. उत्सर्जन ग्रॅममध्ये मागतात, तर एक मायक्रोग्रॅमसाठी ०.०००००१ लिहा. शून्य मोजा, पुन्हा मोजा. हजारपट चुकणारे निकाल बहुतेक इथेच जन्मतात. वाऱ्याची दिशा म्हणजे वारा जिकडून येतो ती.

आणखी एक खाच. एअरमॉडच्या सहा किंवा बारा तासांच्या सरासऱ्या मध्यरात्रीपासून सुरू होणाऱ्या ठोकळ्यांत निघतात. वर दिलेल्या सहा तासांच्या वेळा म्हणूनच त्या ठोकळ्यांशी जुळवल्या आहेत. तिसऱ्या दिवशीचे बारा तास सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असे धरले तर ते जुळणार नाहीत. तेव्हा तासाचे निकाल वेगळ्या फायलीत काढून सरासरी स्वतः करा.

सगळ्या फेऱ्यांचे फ्लक्स आले की प्रत्येकाला वेळेने आणि क्षेत्रफळाने गुणून बेरीज करा. वर दिलेले २०.४ सहा तास टिकले तर ८८० ग्रॅमच्या आसपास एमआयटीसी गेला. अशी पूर्ण बेरीज ३६ किलोच्या किती टक्के होते ते बघा.

पॉलिहाऊस असेल तर

वायू जमिनीवरून नाही, पडद्यांतून आणि छपराच्या फटीतून बाहेर पडतो, म्हणून क्षेत्रीय स्रोत चालत नाही. घनस्रोत द्या, म्हणजे ठोकळ्यासारख्या जागेतून वायू निघतो असे धरा. ३२ बाय ३२ मीटर आणि साडेसहा मीटर उंच पॉलिहाऊससाठी आडवा प्रारंभिक पसारा म्हणजे बाजू भागिले ४.३, सुमारे ७.४ मीटर. उभा पसारा म्हणजे उंची भागिले २.१५, सुमारे ३ मीटर. स्रोताची उंची निम्मी, सव्वातीन मीटर. मध्यापासून सुमारे सतरा मीटरच्या आतल्या जागांचे आकडे मॉडेल देत नाही, त्यामुळे भिंतीला चिकटून लावलेली नळी हिशेबात येणार नाही. पडदे कधी उघडले आणि कधी बंद केले त्याची मिनिटासह नोंद हवी. ती नसली तर फ्लक्सचा आलेख कोणालाच समजत नाही.

निकाल कशासाठी वापरायचे

बहुतेक ठिकाणी चित्र सारखेच दिसते. दुपारी फ्लक्स जास्त असूनही बांधावरचा आकडा लहान असतो, कारण तापलेली हवा वर उचलते. संध्याकाळी वारा पडतो, थर बसतो, आणि कमी फ्लक्स असूनही आकडा अनेक पटींनी चढतो. म्हणून औषध सकाळी लवकर टाकून दुपारपर्यंत प्लास्टिक पूर्ण बंद करणे हे शेतकऱ्याला द्यायचे पहिले उत्तर. दुसरे, साधे पॉलिथिन एमआयटीसी पुरता अडवत नाही. ज्यात ईव्हीओएचचा थर असतो ते अभेद्य प्लास्टिक खूप जास्त अडवते. मात्र ते काढताना आत साठा जास्त असतो, म्हणून कडा आधी थोड्या उघडून, पूर्ण प्लास्टिक सकाळी दहानंतर वारा सुटल्यावरच काढावे.

जमिनीतला वायू संपला का, याची तपासणी अळिवाने होते. वीस सेंटिमीटर खोलीवरची माती बरणीत अर्धी भरा, वर ओल्या कापसावर अळीव, झाकण घट्ट. शेजारी औषध न टाकलेल्या मातीची तशीच बरणी. दोन-तीन दिवसांत दोन्हींत सारखी उगवण दिसली की माती मोकळी. माती मोकळी दिसली त्या दिवशी हवेची एखादी फेरी घेतली तर ती रिकामी यायला हवी. आली नाही तर कोऱ्या नळ्यांचे निकाल पुन्हा उघडून बघा.

वस्तीपासून किती अंतर सोडावे हे ठरवताना फक्त मोजलेल्या तीन रात्रींवर जाऊ नका. तुमचा फ्लक्स घेऊन मॉडेल नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सगळ्या तासांवर चालवा आणि १०० पैकी ९५ रात्री ज्या अंतरावर आकडा निकषाखाली राहतो ते अंतर काढा. डोळे चुरचुरायला सहा तास लागत नाहीत, म्हणून हे अंतर सहा तासांच्या सरासरीवर आणि तासाच्या कमाल आकड्यावर असे दोन्ही काढून शेजारी-शेजारी द्या. दोन्हींत मोठी तफावत असेल तर अहवालात तासाचा आकडा वर लिहा.